सेराडो : 'निकामी' माळाची पार्श्वभूमी

ब्राझील म्हटलं की डोळ्यांसमोर ॲमेझॉन येतं. त्याच्या आग्नेयेला, देशाच्या मधोमध, सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरचं सेराडो पसरलं आहे. पोर्तुगीजमध्ये 'सेराडो' म्हणजे बंद, दाट. प्रत्यक्षात गवत, वेडीवाकडी खुजी झाडं, आणि ओढ्याकाठी बुरिती ताडांच्या रांगा. झाडांच्या साली जाड, कारण वणवा इथे फार जुना. मुळं इतकी खोल की याला 'उलटं जंगल' म्हणतात. वनस्पतींच्या बारा हजारांच्या आसपास जाती आहेत. साओ फ्रान्सिस्को आणि तोकांतिन्स याच पठारावर उगम पावतात. ब्राझिलियाजवळ तर एकाच पाणथळीतलं पाणी उत्तरेला तोकांतिन्सकडे आणि दक्षिणेला पारानाकडे वाहतं.

माणूसही इथला जुनाच. लागोआ सांताच्या परिसरात सापडलेली 'लुझिया'ची कवटी अकरा हजार वर्षांहून जुनी मानतात. शावांते, क्राहो, शेरेंते हे लोक शिकारीसाठी आणि माळ नवा करण्यासाठी आग लावत. कुठे आणि कधी लावायची, याचं त्यांचं शास्त्र होतं. १७२०च्या दशकात गोयासमध्ये सोनं सापडलं आणि खाणींसाठी गुलाम आणले गेले. त्यातून निसटलेल्यांचे वंशज, कालुंगा, आजही तिथल्या डोंगरदऱ्यांत राहतात.

सोनं आटल्यावर उरली गुरं. (आज इथे चरणारी पांढरी 'नेलोरे' गुरं मूळची आंध्रच्या ओंगोल जातीची, नाव नेल्लोरवरून पडलं.) शेतीला मात्र जमीन नालायक ठरली होती : आम्लधर्मी, स्फुरद जेमतेम, ॲल्युमिनियम मुळांना जाळणारं. माझ्या मते या मातीचा दोष हेच सेराडोचं कुंपण होतं.

ते मोडलं सरकारने. १९६० मध्ये राजधानी ब्राझिलियाला आली, पाठोपाठ रस्ते आले. १९७३ मध्ये 'एम्ब्रापा' ही कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. जमिनीत चुना आणि स्फुरद टाकायचं, उष्ण कटिबंधात तग धरेल असं सोयाबीन काढायचं, आणि नत्र हवेतूनच घेणारे जिवाणू बियाण्याला चोळायचे, असा तोडगा निघाला. १९७९ पासून जपाननेही पैसा ओतला. या कामासाठी २००६ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. पारितोषिक रास्तच होतं. पण 'रिकामी जमीन लागवडीखाली आणली' हे तेव्हाचं वर्णन शावांतेंना विचारून केलेलं नव्हतं.

आज निम्म्याच्या आसपास मूळ माळ गेला आहे. १९८८ च्या राज्यघटनेने ॲमेझॉनला राष्ट्रीय वारसा म्हटलं, सेराडोचं नाव घेतलं नाही. २०१२ च्या वनकायद्यानुसार ॲमेझॉनच्या जंगलात शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा साधारण ८० टक्के भाग राखावा लागतो. सेराडोच्या बहुतेक भागात २० टक्के पुरतो. जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा २००६ चा करारही ॲमेझॉनपुरताच होता. नांगर मग ईशान्येकडे, मारान्याओ आणि पियाउईच्या माळांवर सरकले.