स्कूबाच्या सिलिंडरमध्ये नेमके काय असते?

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याच्या पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात हौशी डायव्हिंगमध्ये बहुधा आपली नेहमीचीच हवा, गाळून व कोरडी करून, सुमारे २०० बार (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) दाबाने भरलेली असते. तिच्यात ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के असतो. हा समज होणे स्वाभाविक आहे, कारण बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर सहसा असतोच. मात्र तो प्रथमोपचारासाठी राखून ठेवलेला असतो आणि विनाकारण कोणी हाताळू नये.

शुद्ध ऑक्सिजन खाली का नेत नाहीत, हे दाबावरून कळते. पृष्ठभागावर सुमारे एक बार असलेला दाब समुद्रात दर १० मीटरला आणखी सुमारे एक बारने वाढतो. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातील त्याचा वाटा, १.६ बारच्या पुढे गेला की अचानक झटके येऊन तोंडातील रेग्युलेटर (श्वास घेण्याचे साधन) सुटण्याचा आणि माणूस बुडण्याचा धोका असतो. शुद्ध ऑक्सिजन घेतल्यास ही मर्यादा अवघ्या ६ मीटरवर गाठली जाते. साध्या हवेने ती सुमारे ६६ मीटरवर येते, आणि हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा तर ४० मीटरच आहे.

पडताळणी सोपी आहे. बोटीवर ऑक्सिजन मोजणारे यंत्र मागावे. साध्या हवेला ते सुमारे २१ दाखवते. नायट्रॉक्स, म्हणजे बहुधा ३२ किंवा ३६ टक्के ऑक्सिजनचे मिश्रण, वापरायचे असल्यास प्रशिक्षण आवश्यक असते. अशा वेळी आपला सिलिंडर आपणच मोजावा, टक्केवारी व कमाल खोली त्यावरील पट्टीवर लिहावी आणि दुसऱ्याचा सिलिंडर चुकूनही उचलू नये.