कार्पेटखालचे पॅड जाड म्हणजे चांगले, हा समज चुकीचा आहे

अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांतही एक समज वर्षानुवर्षे टिकून आहे, तो असा की नव्या कार्पेटखाली जितके जाड पॅड घालावे तितके कार्पेट अधिक वर्षे टिकते. दुकानात नमुन्यावर पाय ठेवल्यावर ते खरे वाटते, पण तो मऊपणा म्हणजे टिकाऊपणा नव्हे.

कार्पेट भिंतीलगतच्या खिळ्यांच्या पट्ट्यांवर ताणून अडकवलेले असते. खालचे पॅड फार जाड आणि भुसभुशीत असेल, तर प्रत्येक पावलाला कार्पेट खोल दबते आणि धागे धरून ठेवणारा त्याच्या पाठीचा थर पुन्हा पुन्हा वाकत राहतो. त्यामुळे तो थर सैल पडतो, जोड उकलतात आणि कालांतराने खोलीच्या मध्यभागी सुरकुत्या उठतात. म्हणूनच जॉर्जिया राज्यातील डाल्टन येथील कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट ही कार्पेट उद्योगाची संघटना घरगुती वापरासाठी ७/१६ इंचाहून, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटरहून, जाड पॅड नको असे सांगते. बर्बर, म्हणजे न कापलेल्या फासांच्या विणीच्या, प्रकारासाठी तर ३/८ इंचाहून जाड नको.

खरी पाहण्याची गोष्ट म्हणजे घनता: फोमच्या पॅडसाठी दर घनफुटाला किमान ६ पौंड. जाडी मर्यादेबाहेर गेल्यास अनेक उत्पादकांची हमीही लागू होत नाही, त्यामुळे हे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेतच. शिवाय मोठ्या खोलीत कारागिराने केवळ गुडघ्याने ढकलण्याच्या अवजारावर न भागवता पॉवर स्ट्रेचर, म्हणजे कार्पेट खोलीभर जोराने ताणणारे लांब दांड्याचे अवजार, वापरावे, असा आग्रह काम ठरवतानाच धरावा.