यमकातलं कोडं आणि वीस बाजूंचा फासा : पार्श्वभूमी

सोलापुरातल्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्र घेऊन गोष्ट खेळायचा फाशांचा खेळ) टेबलावर आवाज चढतो तो बहुतेक वेळा कोड्यावरून. ड्रॅगनने पात्र जाळलं तर खेळाडू जरा हळहळतो आणि नवं पात्र लिहायला घेतो. पण दारावरच्या चार यमकी ओळींवर अर्धा तास घालवल्यावर डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणाला, 'बरं, फासा टाक', की 'काय बे, मग डोकं कशाला खपवलं?' इथून सुरुवात होते. कोडं खेळाडूने स्वतःच्या डोक्याने सोडवायचं की त्याच्या पात्राने फाशावर, हा वाद इथे जन्मला नाही, खेळाइतकाच जुना आहे. त्यात मराठी यमक शिरलं ते मात्र अलीकडे, आणि या टिपणाचा भर त्या अलीकडच्या भागावर आहे.

लांबचा भूतकाळ थोडक्यात उरकतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं 164वं सूक्त जवळजवळ सगळं कोड्यांचंच. एका झाडावरचे ते दोन पक्षी तिथलेच. दंडीच्या 'काव्यादर्शा'त प्रहेलिकेचे, म्हणजे कोड्याचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. खेळाच्या कामाचे पूर्वज मात्र दोनच, वनपर्वातला यक्ष आणि विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ. यक्षाचा प्रश्न न जुमानता चार भाऊ पाणी प्यायले आणि आडवे झाले. युधिष्ठिर आला नसता तर पुरा टीपीके, म्हणजे अख्ख्या गटाचा खातमा, होता. वेताळाची अट आणखी बिकट. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, बोललास तर प्रेत परत झाडावर. कोड्याला परिणाम जोडायची याहून चांगली युक्ती आजवर कुठल्या डीएमला सुचल्याचं दिसत नाही.

पश्चिमेकडे ग्रीकांची कोडी घालणारी स्फिंक्स आहेच. दहाव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात नव्वदहून जास्त पद्य कोडी आहेत, पण ती अनुप्रासावर चालतात, ओळीच्या शेवटी यमक नाही. मग 1937 ची टॉल्किनची कादंबरी 'द हॉबिट'. काळोख्या गुहेत जीव पणाला लावून यमकी कोडी घालायची, हा प्रसंग नंतरच्या कित्येक डीएमच्या डोक्यात ठाण मांडून बसला. तिथला शेवटचा प्रश्न, 'खिशात काय आहे?', कोडं म्हणून धरायचा का यावर चर्चा अजून थांबलेली नाही. नॉर्स काव्यात ओडिन हा देव हेच करतो. चितेवर ठेवलेल्या मुलाच्या कानात काय सांगितलं हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं, आणि नेमकं तेच तो शेवटी विचारतो. ज्याचं उत्तर फक्त विचारणाऱ्याच्या खिशात आहे अशी कोडी आजचे डीएमही लिहितात. तो खेळ राहत नाही, अडवणूक होते.

1974 च्या पहिल्या नियमपुस्तिकांत बुद्धी हा गुण होता, कोडं सोडवायचा नियम नव्हता. 1975 मध्ये एका स्पर्धेसाठी रचलेलं आणि 1978 मध्ये छापून आलेलं 'टूम ऑफ हॉरर्स' हे तयार साहस घ्या. फरशीच्या मोझॅकमध्ये यमकी ओळी लपलेल्या, वाट सांगणाऱ्याही आणि बुचकळ्यात टाकणाऱ्याही. 1979 च्या 'व्हाइट प्लूम माउंटन'मध्ये वाटा फुटतात तिथे स्फिंक्स बसलेली, तिच्या चार ओळींचं उत्तर चंद्र. दोन्हीकडे उत्तर द्यायचं ते टेबलाभोवतीच्या माणसांनी. याचं एक कारण स्पर्धेत आहे. तिथे पात्रं तयार हातात मिळत, तेव्हा कस लागायचा तो खेळाडूचाच.

यमकाचं कारणही असंच व्यवहारी. डीएम मोठ्याने वाचतो, खेळाडू ऐकून लिहून घेतात. यमक असलं की ओळ कुठे संपली ते कळतं, मधला शब्द निसटला तर कान लगेच अडखळतो. शिवाय यमकी ओळ वाचली गेली की टेबलावरचे सगळे गप्प होतात, कारण आता ऐकायचं आहे हे न सांगता कळतं.

2000 सालची तिसरी आवृत्ती आली आणि तलवारीचा वार, कुलूप उघडणं, थाप मारणं, सगळं एकाच सूत्रात बसलं: वीस बाजूंचा फासा, त्यात गुणाची भर, समोर ठरलेला आकडा. मग कोडंच वेगळं का ठेवायचं, हा प्रश्न येणारच होता.

पात्राची बाजू घेणारे म्हणतात, माझ्या बार्बेरियनला, म्हणजे रांगड्या योद्ध्याला, शिळा उचलायची असते तेव्हा मला कुणी बैठका मारायला लावत नाही. माझा बार्ड, म्हणजे भाट, गातो तेव्हा मला गावं लागत नाही. मग माझ्या विझर्डची, म्हणजे जादूगाराची, बुद्धी चांगली 18 असताना, दिवसभर दुकान सांभाळून आलेल्या मला चार ओळी सुटल्या नाहीत म्हणून तो दारात का उभा? मुद्दा बिनतोड आहे. लाजऱ्या खेळाडूसाठी तर तो फार मोलाचा आहे, कारण कोड्याच्या वेळी दोन बोलके खेळाडू सगळी जागा व्यापतात आणि बाकीचे मोबाइल काढतात.

खेळाडूची बाजू घेणारे विचारतात, मग कोडं लिहिलंच कशाला? 'दारावर कोडं आहे, 15 च्या वर टाका' म्हणा आणि पुढे चला. फाशाने सुटलेलं कोडं कुणाच्या लक्षात राहत नाही. हेही खरं.

दोन्ही बाजूंना न आवडणारी तिसरी गोष्ट म्हणजे उलटा अन्याय. बुद्धी जेमतेम 6 असलेल्या ऑर्कच्या (राक्षसी जमातीतल्या पात्राच्या) खेळाडूला उत्तर चटकन सुचतं आणि डीएम म्हणतो, 'तुझ्या पात्राला हे कळणार नाही.' माणसाचं डोकं चालल्याची शिक्षा त्याच माणसाला. या वादात कुठलाही पक्ष घ्या, पण हे करू नका. अशा वेळी साधी वाट आहे. उत्तर त्या खेळाडूने सांगावं आणि टेबलाने ते विझर्डच्या तोंडी घालावं.

सोलापुरातल्या एका गटाने मधली वाट काढली. फाशाने उत्तर मिळणार नाही, ओळ मिळेल. कोडं चार ओळींचं लिहायचं आणि डीएमच्या पडद्यामागे दोन-दोन ओळींच्या जोड्या राखून ठेवायच्या. 2014 च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत गाठायचा आकडा 10 म्हणजे सोपं, 15 म्हणजे मध्यम, 20 म्हणजे अवघड. 15 गाठले तर पहिली जोडी, 20 गाठले तर दुसरीही. अशाने विझर्डची बुद्धी 18 असल्याचा उपयोग होतो आणि 'सुटलं!' म्हणून ओरडण्याचा मान माणसाकडेच राहतो. या निर्णयावर नाराज असणारे अजून आहेत. त्यांचं म्हणणं, ही पळवाट आहे, कारण दोन्ही जोड्या मिळूनही उत्तर सुचलं नाही तर पुन्हा तोच दरवाजा. माझ्या मते त्यावर उपाय कोड्यात शोधायचा नाही, नकाशात शोधायचा. कोड्याच्या दारामागे खजिना ठेवा, कथेचा एकमेव रस्ता ठेवू नका.

इथवर सगळं इंग्रजीत चाललं होतं. इंग्रजी साइटवरून कोडं उचलायचं, इंग्रजीत वाचायचं, चर्चा मराठीत करायची. मार्च 2020 च्या लॉकडाऊनने ते मोडलं. खेळ डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर गेला, प्रत्येकाच्या समोर ब्राउजर उघडा. पहिली ओळ टाइप केली की उत्तर हजर. संशयाने खेळण्यापेक्षा जालावर नसलेलं कोडं लिहिणं बरं, आणि जालावर नसलेलं म्हणजे स्वतः मराठीत रचलेलं. मराठीची ओढ वगैरे नंतर आली, आधी आला तो नाइलाज.

मराठीत हात घातल्यावर लक्षात आलं की घरात हा उद्योग शेकडो वर्षं चालू होता. संतांच्या कूट अभंगांत काट्याच्या टोकावर गावं वसतात. पण टेबलाला जवळची परंपरा कलगी-तुऱ्याची. तुरेवाले शिवाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला. एका फडाने भेदिक लावणीतून पुराणातला अडता प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने तो फोडायचा, आणि उत्तर गाऊनच द्यायचं. तिथे उत्तर एकट्याचं नसतं, फडाचं असतं. शाहीर पुढे असला तरी मागे साथीदार असतात. 'खेळाडू की पात्र' या भांडणात टेबलावर आपण एक फड आहोत हेच विसरलं जातं, असं मला वाटतं. भेदिकाची एक गोष्ट मात्र घेण्याजोगी नाही. ज्याचं पुराणवाचन जास्त तो जिंकतो. आपल्या टेबलावर प्रत्येकाने कॅम्पेनची, म्हणजे लांब चालणाऱ्या गोष्टीची, चाळीस पानं वाचलेली असतील, ही अपेक्षा धरणं भाबडेपणाचं आहे.

घाट लोककोड्यांकडून आला आणि छोट्या अभंगाकडून. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. वाचायला सोपं, लिहून घ्यायला सोपं. अडचण निघाली लिंगाची. इंग्रजीत कोडं 'मी'मधून बोललं तर वस्तू स्त्री की पुरुष याचा पत्ता लागत नाही. मराठीत 'मी जाते' म्हटलं की निम्मी उत्तरं बाद. यावर गटांत दोन तट आहेत. एक म्हणतो, क्रियापदंच टाळा. दुसरा म्हणतो, लपवू नका, सोंग जुळवा. जुनी कोडी दुसऱ्या तटाच्या बाजूने आहेत. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' यात जीभ स्त्रीलिंगी म्हणून नागीण. 'इवलंसं कार्टं, घर कसं राखतं' यात कुलूप नपुंसकलिंगी म्हणून कार्टं. 'कोकणातून आला भट, धर की आपट' यातला भट पुल्लिंगी, आणि त्याचं उत्तर ज्यांना सर्दी आहे त्यांनी द्यावं. सोंगाचं लिंग उत्तराशी जुळलं की कोडं कठीण असूनही प्रामाणिक राहतं. मी दुसऱ्या तटात आहे.

भुईकोटाच्या नकाशावर बेतलेल्या एका डंजनसाठी (धोक्यांनी भरलेल्या खोल्यांच्या साहसासाठी) या पद्धतीने रचलेलं हे कोडं:

धाव धाव धावे तरी
घर सोडून न जाई;
पोटामध्ये सूत त्याच्या,
अंगावर चिंधी नाही.

आणि पडद्यामागची जोडी:

आडव्याला तोच नेतो,
उभ्यातून वाट घेतो.

उत्तर हातमागाचा धोटा, आडवा धागा उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे नेणारा. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ज्यांच्या घरी माग होता त्यांना दुसऱ्या ओळीतच सुटतं. पुण्याहून ऑनलाइन जोडलेल्याला जोडी मिळूनही सुटत नाही, कारण त्याने धोटा पाहिलेलाच नसतो. तेव्हा याच डंजनमध्ये आधीच्या खोलीत एक मोडका माग ठेवावा लागतो, त्यात धोटा अडकलेला. उत्तर डोळ्यांसमोरून गेलेलं असलं पाहिजे, ही अट आता बहुतेकांना मान्य आहे.

बाकीच्या घडामोडी भराभर. जानेवारी 2023 मध्ये इतरांनी खेळाचे नियम वापरायच्या परवान्यावरून प्रकाशकाविरुद्ध खेळाडूंचा संताप उसळला. त्याच महिन्यात पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले, त्यामुळे मराठीत साहसं लिहून वाटायला धास्ती उरली नाही. चॅटबॉटकडून कोडी लिहून घेण्याचेही प्रयोग झाले. हाती आलेल्या ओळींत यमक जमलंच तर 'आहे'चं 'आहे'शी.

सध्या रखडलेला प्रश्न भाषेचा आहे. सोलापुरात एका टेबलाभोवती मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारे बसतात, आणि कुणाला वस्तू ओळखू येते पण मराठी नाव आठवत नाही. तोंडी उत्तर कुठल्याही भाषेत चालवायचं, यावर एकमत आहे. भांडण अक्षरकुलपावर आहे. चकत्या फिरवून दोन अक्षरं जुळवायची असतील तर तिथे फक्त 'धोटा'च बसतो. काही डीएमनी अक्षरकुलूप बंदच केलं, काही जण चकत्यांवर अक्षरांऐवजी चित्रं कोरतात, आणि कुलूप आवडणाऱ्यांचा आग्रह आहे की मराठीत लिहिलेल्या दाराला मराठीच शब्द हवा.