विमान नेमकं कधी ‘पोहोचतं’?

ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग ते जर्मनीतलं कोलोन-बॉन हे हवाई अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटरचं. मे 2012 मधल्या एका दिवशी या मार्गावरचं विमान दुपारी 1.30 ला सुटून 2.40 ला पोहोचायचं होतं. ते तीन तास दहा मिनिटं उशिरा सुटलं. धावपट्टीला चाकं टेकली तेव्हा उशीर होता 2 तास 58 मिनिटांचा. विमान आपल्या जागेवर येऊन थांबलं तेव्हा तोच 3 तास 3 मिनिटांचा झाला होता, आणि दार त्यानंतर उघडलं. एका प्रवाशाची 250 युरोंची भरपाई या पाच मिनिटांत अडकली.

1919 च्या ऑगस्टमध्ये लंडन-पॅरिस ही रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा प्रवासाला अडीच तासांच्या आसपास लागत. किती मिनिटं लागली यावर पैसे अवलंबून नव्हते. तो प्रश्न खरा उभा राहिला तो 2004 च्या युरोपीय नियमामुळे. त्यात रद्द झालेल्या विमानासाठी भरपाई होती, पण नुसत्या उशिरासाठी नव्हती. 2009 मध्ये लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाल्यास तोच हक्क दिला. मात्र हे तीन तास कुठपर्यंत मोजायचे, हे मोघमच राहिलं.

साल्झबुर्गच्या त्या विमानाचा वाद याच न्यायालयात पोहोचला. विमान कंपनीचं म्हणणं होतं, चाकं टेकली की विमान पोहोचलं. वेळापत्रकातली वेळ मात्र वेगळीच असते. तिला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. चाकांना लावायचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा हा काळ. टॅक्सीवेवरचं, म्हणजे धावपट्टी आणि विमानाची जागा यांमधल्या रस्त्यावरचं रांगणंही त्यात धरलेलं असतं, म्हणून तिकिटावरचा तास-सव्वा तास म्हणजे हवेतला तास-सव्वा तास नव्हे.

या वादातल्या 2014 च्या निकालाने टेकणंही नाकारलं आणि ठोकळेही. किमान एक दार उघडतं आणि प्रवाशांना उतरायची मुभा मिळते, तो क्षण म्हणजे पोहोचणं. कारण अगदी माणसाच्या बाजूचं दिलं आहे: तोवर प्रवासी बंद जागेत, कंपनीच्या ताब्यात असतो, बाहेरच्या जगाशी बोलणं, आपली कामं उरकणं त्याला नीट जमत नाही. बॅग हातात घेऊन, मान वाकवून सीटांमधल्या वाटेत ताटकळलेल्या कुणालाही हे पटेल. मला तर हा या सगळ्या वादातला सर्वांत न्याय्य निर्णय वाटतो.

अंतराच्या बाबतीत मात्र माप उलटं पडलं. भरपाईचा पहिला टप्पा 1500 किलोमीटरपर्यंतचा, 250 युरोंचा, पुढचा टप्पा 400 चा. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला जाणाऱ्यांनी प्रत्यक्षात 1173 आणि 483 किलोमीटर कापले होते. 2017 मध्ये न्यायालयाने मोजलं ते रोम ते हॅम्बुर्ग हे सरळ अंतर, पृथ्वीच्या गोलाईवरून 1326 किलोमीटर. त्यामुळे त्यांना 250 युरोच मिळाले.