जंतुनाशक बाहेर फेकणारे पंप : पार्श्वभूमी

ऑक्टोबरात गोव्यातला पर्यटनाचा मोसम सुरू झाला की कळंगुटपासून कोलव्यापर्यंत हॉटेलांच्या मागच्या दारी जंतुनाशकांचे कॅन उतरू लागतात. फरशीसाठी, बाथरूमसाठी, पोहण्याच्या तलावातल्या शेवाळासाठी. नावं आणि रंग वेगवेगळे असले तरी त्यातली बरीचशी द्रव्यं एकाच कुळातली असतात : चतुष्क अमोनियम संयुगं, व्यवहारात ‘क्वाट’. सर्वांत परिचित म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड. इस्पितळांत त्यांच्या जोडीला क्लोरहेक्सिडिन असतं. ही दोन्ही द्रव्यं काही जिवाणू पेशीपटलातल्या प्रथिनांच्या, म्हणजे पंपांच्या, मदतीने आत आल्या वाटेने बाहेर टाकतात. हे ज्ञान चार दशकांचं आहे. त्याचा नियमांवर जेवढा परिणाम व्हायला हवा होता तेवढा झालेला नाही, असं माझं मत आहे.

बेन्झाल्कोनियम १९३५ मध्ये आलं, क्लोरहेक्सिडिन १९५४ मध्ये बाजारात उतरलं. त्या काळची समजूत अशी, की प्रतिजैविक एखाद्याच जागी घाव घालतं म्हणून जिवाणू त्यातून निसटतो, जंतुनाशक मात्र सगळीकडे घाव घालतं, त्यामुळे पळवाट नाही. बेन्झाल्कोनियमच्या बाटल्यांतच स्यूडोमोनास हा जिवाणू वाढल्याच्या आणि त्यातून रुग्णांना संसर्ग झाल्याच्या नोंदी १९५० च्या दशकापासून आहेत. पण दोष बुचाला, बरणीत बुडवून ठेवलेल्या कापसाला किंवा जास्त पातळ केलेल्या द्रावणाला दिला गेला. तो दोष खराही होता. कापूस क्वाट शोषून घेतो.

१९८० मध्ये ई. कोलाय हा जिवाणू टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक आत येऊ देतो आणि लगेच बाहेर काढतो हे सिद्ध झालं. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या इस्पितळांत स्टॅफिलोकोकस या जिवाणूचे असे वाण पसरले होते, ज्यांच्या एकाच प्लाझ्मिडवर (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) जेंटामायसिन आणि ट्रायमेथोप्रिम या औषधांना दाद न देणारी जनुकं होती आणि सोबत क्वाट सोसणारं जनुकही. त्या जनुकाला, आणि ते बनवत असलेल्या पंपालाही, क्वॅक-ए नाव मिळालं.

ते जनुक काय करतं हे दाखवणारा प्रयोग विद्यार्थ्यांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहावा. इथिडियम ब्रोमाइड हा रंग पेशीत शिरून डीएनएला चिकटला की अतिनील प्रकाशात नारिंगी चमकतो. जिवाणूंची ऊर्जा आधी संपवून टाकायची, मग हा रंग द्यायचा; पेशी उजळतात. आता त्यांना ग्लुकोज द्यायचं. पंप असलेल्या पेशींची चमक काही मिनिटांत उतरते, पंप नसलेल्या बराच वेळ तशाच चमकत राहतात. रंगाचा रेणू मोडलेला नसतो. तो बाहेरच्या द्रावात शाबूत सापडतो.

क्वाटही याच वाटेने जातं. त्याच्या रेणूवर धनभार असतो आणि मागे लांब तेलकट शेपूट. पेशीचा आतला भाग ऋणभारित, म्हणून रेणू आपणहून तिकडे ओढला जातो आणि शेपटीने पटलात रुततो. पंप त्याला तिथेच, पटलाच्या थरातच, पकडतो. बाहेर फेकायला लागणारं बळ बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या प्रोटॉनांकडून मिळतं. क्वॅक-ए हे प्रथिन ५१४ अमिनो आम्लांचं असून पटलातून चौदा वेळा आरपार जातं. त्याचा भाऊ क्वॅक-बी फार थोडा वेगळा आहे. ३२३ व्या स्थानावर क्वॅक-एमध्ये ॲस्पार्टिक आम्ल असतं, क्वॅक-बीमध्ये ॲलॅनिन. तेवढ्या फरकाने क्लोरहेक्सिडिनसारखे दोन धनभार असलेले रेणू क्वॅक-एला पकडता येतात. जतन केलेले जुने वाण तपासले तेव्हा क्वॅक-बी १९५० च्या दशकातल्या नमुन्यांतही सापडलं, क्वॅक-ए मात्र नंतरच्या. मधल्या काळात क्लोरहेक्सिडिन इस्पितळांत रुळलं होतं. योगायोग म्हणून हे सोडून देणं मला पटत नाही.

पुढचा तपशील झपाट्याने आला. २००२ मध्ये ई. कोलायच्या ॲक्र-बी पंपाची रचना उलगडली. २००६ मध्ये कळलं, की त्याचे तीन घटक पाळीपाळीने रेणू धरतात, आवळतात आणि सोडतात. २०१३ मध्ये ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूमध्ये क्लोरहेक्सिडिन बाहेर काढणाऱ्या पंपांचं एक अगदी नवं कुळ सापडलं. नंतर असं दिसलं, की ते मुळात पुट्रेसिन, कॅडाव्हेरिन यांसारख्या पेशीतल्याच अमाइनांची वाहतूक करतं. म्हणजे यंत्रणा जंतुनाशकांपेक्षा फार जुनी आहे. आपण तिला नवं काम दिलं.

आता २०१६ चा निर्णय, कारण खरा गुंता तिथे आहे. त्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध नियामकाने घरगुती जंतुनाशक साबणांतून ट्रायक्लोसानसह १९ घटक बाद केले. उत्पादकांनी ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस असल्याचं आणि रोज वापरायला सुरक्षित असल्याचं सिद्ध केलं नाही, हे कारण. निर्णयाचं स्वागत झालं आणि ते योग्यच होतं. पण त्याच वेळी बेन्झाल्कोनियम क्लोराइड, बेन्झेथोनियम क्लोराइड आणि क्लोरोझायलेनॉल यांना अधिक माहिती गोळा करण्यासाठी मुदत मिळाली. ती मुदत नंतर वाढत गेली. ट्रायक्लोसानच्या जागी कित्येक साबणांत बेन्झाल्कोनियम आलं.

ट्रायक्लोसान आधी का अडकलं? १९९८ मध्ये त्याचं पेशीतलं नेमकं लक्ष्य सापडलं, मेदाम्लं तयार करणारं एक विकर (एन्झाइम). एक विकर, त्यातला एक बदल, की जिवाणू वाचला : पुरावा स्वच्छ होता. संप्रेरकांवरच्या परिणामाची शंकाही होती. बेन्झाल्कोनियमची गोष्ट पंपांची. ती पसरट आहे, आकड्यांत लहान दिसते. पण बेन्झाल्कोनियमच्या पंपांची जनुकं प्लाझ्मिडवर बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात आणि जाताना प्रतिजैविकांविरुद्धची जनुकं बरोबर नेतात. पसरण्याच्या दृष्टीने धोका इथे जास्त आहे, आणि मुदत मिळाली ती यालाच.

विरोधी बाजूचं म्हणणंही मांडायला हवं, ते भक्कम आहे. पंपामुळे जिवाणूची सोसण्याची मर्यादा वाढते ती काही पटींनीच, एका मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅमपर्यंत. हात धुण्याच्या ४ टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये तेवढ्यालाच ४० हजार मायक्रोग्रॅम असतात. मग पंपाची मातब्बरी ती काय? बाटलीपुरतं हे बरोबर आहे. पण जिवाणू बाटलीत राहत नाहीत. लंडनमधल्या एका अतिदक्षता विभागात रुग्णांच्या त्वचेवर क्लोरहेक्सिडिन नियमित वापरायला लागल्यावर मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचे इतर वाण घटले. क्वॅक जनुकं बाळगणारा एक वाण मात्र वाढला. तो अनुभव २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे निर्णयाच्या सहा वर्षं आधी.

त्वचेवर उरलेला पातळ थर, नाल्यात गेलेलं पाणी आणि पुसायची बालदी या पंपाच्या सोयीच्या जागा. बालदीत सकाळी केमिकल मापाने पडतं. मग दोन खोल्यांनंतर पाणी वाढवलं जातं, मॉपचा कापूस क्वाट ओढून घेतो, साबणाचा फेस त्याला निकामी करतो, गढूळपणा उरलंसुरलं संपवतो. दुपारपर्यंत त्या बालदीत जंतू मरतील एवढं काही नसतं, पण पंप असलेल्याला इतरांहून बरं जगता येईल एवढं असतं. पणजी-मडगावात हाऊसकीपिंग करणाऱ्या मुलामुलींना कॅनवरचं प्रमाण आणि पाणी कधी बदलायचं हे त्यांना वाचता येईल अशा भाषेत मिळणं ही काही फार मोठी मागणी नव्हे.

२०२० नंतर क्वाटचा वापर जगभर वाढला. हाताला अल्कोहोल, पृष्ठभागाला क्वाट अशी विभागणी दुकानांच्या काउंटरपर्यंत पोचली. ६० ते ८० टक्के अल्कोहोल किंवा ब्लीच यांच्यापुढे हे पंप फारसे उपयोगी पडत नाहीत. त्यांचा घाव पंपाला आवरता येण्याजोगा नसतो. इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून येणाऱ्या कल्चर रिपोर्टवर मात्र आजही प्रतिजैविकांचेच रकाने असतात. क्लोरहेक्सिडिन किंवा बेन्झाल्कोनियमसाठी कोणत्या आकड्यापुढे जिवाणूला ‘प्रतिरोधक’ म्हणायचं, याची सर्वमान्य मर्यादा अजून कुणी ठरवलेली नाही.