मृदासूक्ष्मजीवांचे रासायनिक संकेत व मुळांची वाढ

मातीतील जिवाणू आणि बुरशी यांनी सोडलेल्या रसायनांमुळे वनस्पतीच्या मुळांची लांबी, उपमुळांची संख्या आणि मूलरोमांची दाटी बदलते. हे सारे मुळाला लगटून असलेल्या मातीच्या पातळ थरात घडते. जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये या थराला ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिले. मुळांतून पाझरणाऱ्या शर्करा, अमिनो आम्ले व सेंद्रिय आम्लांवर पोसल्यामुळे इथे सूक्ष्मजीवांची गर्दी असते.

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो ऑक्झिनचा. ते मुळात वनस्पतीचेच संप्रेरक; पण अ‍ॅझोस्पिरिलमसारखे जिवाणूही ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनवतात, आणि हे ट्रिप्टोफॅन त्यांना मूलस्रावातूनही मिळते. इथे सगळा खेळ मात्रेचा आहे. अत्यल्प ऑक्झिनने मूळ लांबते. मात्रा वाढली की मुख्य मूळ खुंटते, तर उपमुळे व मूलरोम वाढतात. म्हणून एखाद्या जिवाणूला सरसकट ‘मुळे वाढवणारा’ म्हणणे अपुरे ठरते. व्हेरिओव्होरॅक्स हा जिवाणू तर ऑक्झिन मोडून टाकतो. इतर जिवाणूंमुळे खुंटलेली अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाची मुळे त्याच्या सोबतीने पूर्ववत वाढतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

काही जिवाणू इथिलीन या वायुरूप संप्रेरकाला आवर घालतात. पाणी साचणे, क्षार वाढणे अशा ताणात इथिलीन वाढून मुळे आखडतात. हे जिवाणू इथिलीनचा पूर्वगामी पदार्थच विघटित करून त्यातील नायट्रोजन वापरतात.

शेंगावर्गीय वनस्पतींत संवाद दुहेरी असतो. मुळांतून पाझरणारी फ्लॅव्होनॉइड ही रसायने ओळखून रायझोबियम जिवाणू ‘नॉड घटक’ नावाचे संकेत-रेणू सोडतात. ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात पुरतात की नवल वाटते. त्यांच्यामुळे मूलरोम वळतो, आतल्या पेशी विभागू लागतात आणि मुळावर जिवाणूंना राहण्यासाठी गाठ तयार होते.

मुळे स्वतः सोडत असलेल्या स्ट्रायगोलॅक्टोन या रसायनांची कथा उलट्या टोकाने उलगडली. १९६६ मध्ये कापसाच्या मूलस्रावातून वेगळा केलेला स्ट्रायगॉल हा याच गटातला पदार्थ टारफुला या परोपजीवी तणाचे बी रुजवतो, एवढेच तेव्हा ठाऊक होते. वनस्पती स्वतःच्या शत्रूला आमंत्रण का देते, याचा उलगडा २००५ मध्ये झाला: हीच रसायने मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटायला लावतात, आणि ही बुरशी मुळांना फॉस्फरस पुरवते. मातीत फॉस्फरस कमी पडला की अनेक वनस्पती ती अधिक सोडतात. टारफुला त्याच हाकेवर उगवतो.