दुसऱ्या प्रोसेसरआधी मदरबोर्ड: बहुप्रोसेसर लिनक्स सर्व्हरची पार्श्वभूमी

लिनक्स सर्व्हरमध्ये आणखी प्रोसेसर घालायचे ठरले की चर्चा लगेच वेगावर आणि कोअरच्या संख्येवर जाते. माझ्या मते तो विचार सर्वांत शेवटी करायचा. मदरबोर्ड, त्याचा बायॉस (यंत्र सुरू होताच चालणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्राम) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) यांचे एकमेकांशी जमते का, हे आधी पाहावे. या क्रमामागे तीस वर्षांचा इतिहास आहे.

इंटेलने १९९४ मध्ये ‘मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन’ पुढे आणले. अनेक प्रोसेसरांची यंत्रे त्याआधीही होती; पण प्रत्येक कंपनीची रचना निराळी आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्या रचनेपुरती बेतलेली. नव्या नियमानुसार बायॉसने मेमरीत एक तक्ता मांडून ठेवायचा. प्रोसेसर किती, त्यांचे क्रमांक काय, कोणता इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा उपकरणाचा संकेत) कुठे जोडलेला आहे, हे सारे त्यात असते. कर्नल हा तक्ता वाचतो आणि तोच खरा मानून चालतो. तक्ता चुकीचा असेल, तर प्रोसेसर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. जुन्या बोर्डांच्या बायॉसमध्ये या नियमाच्या १.१ आणि १.४ अशा दोन आवृत्त्यांतून निवड करावी लागे, ती याच तक्त्यासाठी. पुढे हे काम एसीपीआय या नव्या मानकाच्या तक्त्यांकडे गेले, तरी बायॉस अद्ययावत करण्याची गरज संपली नाही.

लिनक्सच्या बाजूने सुरुवातीचे काम कर्नल-विकासक ॲलन कॉक्स यांनी केले. त्यासाठी लागणारा दोन पेंटियमचा बोर्ड कॅल्डेरा कंपनीने दिला होता. जून १९९६ च्या २.० कर्नलमध्ये ही सोय अधिकृतपणे आली, मात्र ‘बिग कर्नल लॉक’ या, साऱ्या कर्नलला लावलेल्या एकाच कुलपासह. एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलमध्ये शिरू शके. त्यामुळे आकडेमोडीची कामे खरोखर वाटली जात. फाइल किंवा नेटवर्क सर्व्हरला मात्र, ज्याचा बराच वेळ कर्नलमध्येच जातो, दुसऱ्या प्रोसेसरचा लाभ फार थोडा मिळे. जानेवारी १९९९ च्या २.२ पासून या एका मोठ्या लॉकच्या जागी कर्नलच्या छोट्या भागांपुरते लॉक येत गेले. शेवटचा बिग कर्नल लॉक निघायला मे २०११ उजाडला, २.६.३९ मध्ये.

एवढी वर्षे का लागली, याचे उत्तर ड्रायव्हरांत, म्हणजे उपकरणे चालवणाऱ्या कोडमध्ये, आहे, आणि हार्डवेअर निवडणाऱ्याने सर्वांत नीट समजून घ्यावा असा भागही हाच. एकाच प्रोसेसरच्या यंत्रात ड्रायव्हर लिहिणारा नाजूक जागी इंटरप्ट बंद करी आणि निर्धास्त होई. मध्ये येणारे दुसरे कोणी नसेच. दुसरा प्रोसेसर आला की तोच कोड एकाच क्षणी दोघे चालवू शकतात. मग एका प्रोसेसरवर महिनोन्‌महिने न अडखळलेले यंत्र डिस्कवर ताण येताच गोठते, आणि दोष प्रोसेसरवर येतो. म्हणूनच डिस्क कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड निवडताना जाणकार मंडळी त्यांच्या कागदोपत्री वेगाआधी ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्ये आहे का, त्याची देखभाल होते का, हे पाहतात. ही सवय मला आजही तितकीच मोलाची वाटते.

प्रोसेसरांची जोडी जमवणे हा वेगळा विषय. दोन्ही एकाच मॉडेलचे, सारख्या वेगाचे आणि शक्यतो एकाच स्टेपिंगचे, म्हणजे चिपच्या एकाच सुधारित आवृत्तीचे, असावेत हा नियम तेव्हापासूनचा. पेंटियम प्रो चारांच्या गटात चाले, नंतरचा पेंटियम टू मात्र दोघांपुरताच. चार हवे असतील तर इंटेलचाच सर्व्हरसाठीचा झिऑन. इंटेलचा स्वस्त सेलेरॉन जोडीसाठी विकला जात नसे, तरी १९९९ मध्ये एबिटच्या बीपी६ बोर्डावर लोकांनी दोन-दोन सेलेरॉन चालवले. पुढच्या पिढीच्या सेलेरॉनमध्ये ती वाट बंद झाली. एएमडीकडे तर २००१ च्या ॲथलॉन एमपीपर्यंत x८६ (इंटेलच्या प्रोसेसरांशी जुळणाऱ्या) सर्व्हरसाठी जोडीने चालणारा पर्यायच नव्हता.

२००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला आणि गणित बदलले. मेमरी कंट्रोलर चिपसेटमधून थेट प्रोसेसरमध्ये गेला. इंटेलच्या दोन सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या दोन जागांच्या) सर्व्हरांत हे २००९ च्या झिऑन ५५०० पासून झाले. तेव्हापासून प्रत्येक सॉकेटची मेमरी त्याची स्वतःची, दुसऱ्याची वापरायची तर वाट लांबची. सगळी मेमरी एकाच बाजूला भरली तर नवा प्रोसेसर बराच वेळ शेजाऱ्याची वाट पाहण्यात घालवतो. शिवाय दुसऱ्या सॉकेटला जोडलेले मेमरीचे आणि विस्तार-कार्डांचे खाचे तिथे प्रोसेसर बसेपर्यंत निर्जीव असतात. अपग्रेडच्या खर्चात म्हणून मेमरी आधीच धरावी.

एका बोर्डावर किती प्रोसेसर चालतील, याचे उत्तर ऑप्टेरॉनच्या क्रमांकातच होते: १०० मालिका एकट्याची, २०० दोघांची, ८०० आठांपर्यंतची. झिऑन ई५ मध्येही १६००, २६०० आणि ४६०० यांतला पहिला अंक सॉकेटची कमाल संख्या सांगतो. एएमडीच्या नंतरच्या एपिकमध्ये क्रमांकाच्या शेवटी ‘पी’ असेल तर तो प्रोसेसर एकाच सॉकेटच्या बोर्डासाठी आहे. वापरलेला एपिक घेताना आणखी एक चौकशी हवी. काही सर्व्हर-निर्मात्यांच्या बोर्डावर चालवलेला प्रोसेसर सुरक्षेच्या कारणासाठी त्या निर्मात्याच्या फर्मवेअरशी (बोर्डातल्या मूळ प्रोग्रामशी) कायमचा बांधला जातो. सॉकेट जुळत असले तरी दुसऱ्या निर्मात्याच्या बोर्डावर तो सुरूच होत नाही.